पाणी न दिलेल्या ओळी

आभा मुळावकर यवतमाळच्या बसस्थानकावर नागपूरच्या सकाळच्या गाडीची वेळ विचारायला गेली होती आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस जेवायला गेला होता. एवढंच झालं. तो जागेवर असता तर वेळ विचारून ती पाच मिनिटांत घरी परतली असती, पुढच्या महिन्यात नागपूरच्या संस्थेत कायमच्या नोकरीवर निर्धास्त मनाने रुजू झाली असती आणि तीस वर्षं लोकांनी तिला ‘कापसावाल्या मॅडम’ म्हणून मान दिला असता. पण सरकारी माणसाचं जेवण सावकाश असतं. ती सिमेंटच्या बाकावर टेकली. शेजारी डोळ्यांना हिरवा चष्मा लावलेली एक म्हातारी बसली होती. ती एकदम म्हणाली, “आभाबाई ना वं तू?”

चष्म्यामुळे आभाला आधी ओळख पटेना. मग दंडापर्यंत चढलेल्या पांढऱ्या बांगड्या दिसल्या आणि सुखीबाई ओळखू आली. घाटंजीच्या पुढच्या तांड्यावरची ही सुखीबाई. तिच्या नवऱ्याच्या, शंकरसिंगच्या, शेतात आभाने तीन हंगाम प्रयोगाचा कापूस, देशी आणि हायब्रीड, लावला होता आणि शेळ्या, रानातले रोही, पोरंटोरं यांच्यापासून त्याची राखण सुखीबाई करायची. आता तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शंकरसिंग कोपऱ्यावर औषधं आणायला गेला होता. “आता नीट दिसतं का?” आभाने विचारलं. “दिसते ना. तुह्या कानातलं बी दिसून राह्यलं,” सुखीबाई म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, एखाद्या नवरीला माहेरची गंमत सांगावी तशी म्हणाली, “एक गोठ सांगू? आता तं तुही नोकरी पक्की झाली म्हनते, आता सांगाले हरकत नाही. तुहे थे बारीक पानाचे झाडं म्या मरू नाही देल्ले.”

“म्हणजे?”

“म्हंजे पाणी देत होती ना वं मी. दिवस कलला, तू गेली, का एकेका झाडाले लोटा लोटा. तिन्ही सालं.” सुखीबाई तोंडाला ओढणी लावून हसत होती. “तू तं म्हने नोको देऊ. पन हायब्रीडले नाही देल्लं हो, थेंब नाही देल्ला. तुहा अर्धा शब्द पाळला म्या. थे बारीक पानाचं आमच्या याडीचं, मायचं, झाड हाये. याडी वावराच्या कडेले, धुऱ्यावर, पाच-सात झाडं ठेवेच. दिवाळीले तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर जातेत ना, त्या दिव्याच्या वाती त्याच कापसाच्या. मंग हायब्रीड आलं न् गेले थे झाडं. तू आनले परत. आन् तूच तहानेनं मारून राह्यली. मेले असते तं तुही बी नोकरी गेली असती, तुहा साहेब म्हनला असता, पोरीनं झाडं मारले. म्हून देल्लं.” मग तिने चष्मा सारखा केला आणि जरा ओशाळून म्हणाली, “पन उगीचच दमली मी, नाही का? पेपरात आलं ना, का याले तहानच नाही लागत म्हून. आमच्या घरच्यानं वाचून दाखोलं. औंदा बारा घरायनं लावलं, आमी तं सगळ्याच वावरात. आता म्या एक लोटा नाही देत. घरच्यानं विहिरीच्या पाण्याची आपली पाळी बी भावाले देऊन टाकली. अठरा दिवस झाले, आभाळात काही नाही, पन आमाले घोर नाही औंदा.”

तेवढ्यात शंकरसिंग आला, उंच, वाकलेला, हातात औषधांची पुडी. “मॅडम,” तो म्हणाला, “या ना वावरात एकदा, पाहून जा तुमचं पीक.” आभा म्हणाली, येते. सुखीबाईला म्हणाली, डोळ्यांची काळजी घ्या, चुलीपाशी बसू नका. मग त्यांची गाडी लागली आणि ती दोघं गेली. खिडकीतला माणूस जेवून आला, त्याने नागपूरच्या गाडीची वेळ सांगितली, आभाने ती ऐकली, आणि दत्त चौकापर्यंत येईतो ती वेळ तिच्या डोक्यातून पार पुसली गेली होती.

तिचं काम काय होतं ते ती लोकांना सोपं करून सांगायची, आणि सोपं करून सांगण्यात तिचा हातखंडा होता. पेशीच्या पोटात डीएनएचा एक लांबच लांब धागा असतो, त्यावर झाडाला जन्मभर लागणाऱ्या सगळ्या सूचना लिहिलेल्या असतात. पण कुठली सूचना कधी वाचायची हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती धाग्यावर ठरलेल्या जागी येऊन बसतात, काम झालं की उठून जातात. कापसाला तहान लागली की असंच एक प्रथिन आपल्या जागेवर येऊन बसतं, आणि ते बसलं की पानांवरची बारीक दारं मिटतात, वाढ थांबते, झाड अंग चोरून दिवस काढायला लागतं. झाड बाहेरून कसं दिसतं यावर विश्वास ठेवायचा नाही, प्रथिन जागेवर बसलंय की नाही ते मोजायचं. तेही जिवंत झाडात, वावरात, भर उन्हात, प्रयोगशाळेच्या कुंडीत नव्हे. म्हणून ती बर्फाची पेटी, द्रवरूप नत्राचं थंड भांडं आणि फॉर्मलिनची बाटली घेऊन घाटंजीच्या एसटीने जायची. अकराच्या सुमारास पान तोडायचं, कात्रीने पट्ट्या करायच्या, फॉर्मलिनच्या पाण्यात बुडवायच्या, हातपंपाने हवा खेचून काढायची म्हणजे पाणी पानाच्या आतवर शिरतं, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. फॉर्मलिन आत शिरलं की जो जिथे असेल तो तिथेच चिकटतो. पोरं खेळताना ‘स्टॅच्यू’ म्हणतात ना, तसं. उभा असेल तो उभा, बसलेला असेल तो बसलेला. मग नागपूरला नेऊन पेशी फोडायच्या, धाग्याचे तुकडे करायचे, त्या एका प्रथिनालाच ओळखून धरणारं औषध टाकून ते ओढून काढायचं, आणि त्याच्यासोबत धाग्याचा कुठला तुकडा किती आला ते मोजायचं. जास्त आला तर झाड तहानलेलं होतं. कमी आला तर नव्हतं. यात शंकेला जागा नसते असं ती म्हणायची, आणि तिला ते मनापासून वाटायचंही.

पहिल्या वर्षी सुखीबाई हे सगळं नाकाला ओढणी लावून बघत बसली होती. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांना पाणी येत होतं, दोघींच्याही. “थे पान आता मेलं ना?” तिने विचारलं. आभा म्हणाली, हो, पण मरताना जसं होतं तसंच राहिलं. सुखीबाईने बराच विचार केला. “मंग जित्त्याचं काय समजलं तुले?” आभाला हसू आलं. तिने हा किस्सा नागपूरला जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितला, तिचे मार्गदर्शक मंदार सर तर डोळे पुसेपर्यंत हसले, आणि नंतर व्याख्यानांची सुरुवात ते याच किश्श्याने करायला लागले. आता दत्त चौकातून घराकडे जाताना आभाला वाटलं, त्या बाईला सगळं तेव्हाच कळलेलं होतं आणि आपण तिच्यावर हसलो. मग वाटलं, असं काही नाही, आता आपल्याला शिक्षा हवी आहे म्हणून त्या साध्या प्रश्नात आपण अर्थ भरतो आहोत. मन असंच करतं, चोरी सापडली की सगळ्यांनाच साक्षीदार करून टाकतं. तिला स्वतःचा राग आला. रस्त्यावर ऊन असं होतं की ऑगस्ट आहे हे सांगावं लागलं असतं.

तिने काळजी कमी घेतली होती असं कुणी म्हणू शकलं नसतं. पाऊस अडवायला वर प्लॅस्टिकचं छप्पर होतं. अर्ध्या ओळींना पाणी, अर्ध्यांना नाही. कुठली जात कुठल्या ओळीत लावायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, म्हणजे जमिनीचा उतार, झाडाची सावली, कशाचाच पक्षपात नको. नमुन्यांवर जातीचं नाव नव्हतं, नुसते आकडे होते, म्हणजे मोजताना तिचा स्वतःचाही पक्षपात नको. सगळ्यांपासून लपवलं होतं. फक्त झाडांना चेहरा असतो आणि देशी कापसाचं पान भेंडीच्या पानासारखं चिरलेलं असतं, हे लपवता येण्यासारखं नव्हतं, आणि लपवायला हवं हे सुचलंही नव्हतं. ओळी कितीही उलटसुलट लावल्या असत्या तरी सुखीबाईने आपल्या आईची झाडं संधिप्रकाशातही ओळखली असती. मातीचा ओलावा मोजायचं यंत्र दोन ओळींच्या मध्ये पुरलेलं होतं. लोटाभर पाणी खोडाशीच जिरतं, ते तिथवर पोचत नाही. तीन वर्षं आकडे सुंदर आले. पाणी न दिलेल्या ओळींत हायब्रीडमध्ये ते प्रथिन ठाण मांडून बसलेलं, आणि शेजारच्याच देशी झाडांत जागा जवळजवळ रिकामी. पाणी दिलेल्या झाडात असावी तशी. देशी कापूस काटक असतो हे तर सगळ्यांनाच माहीत होतं, पण काटक असणं वेगळं आणि तहानच न लागणं वेगळं. तिने ते दुसरं सिद्ध केलं होतं. ज्या वर्षांत या जिल्ह्याचं नाव पेपरात फक्त एकाच कारणासाठी येई, त्या वर्षांत तिच्यामुळे ते दुसऱ्या कारणासाठी आलं. ‘तहान न लागणारा कापूस’, चार रकान्यांत, तिच्या फोटोसह. झेरॉक्सच्या दुकानदाराने ते कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवून शंभर प्रती काढल्या होत्या म्हणे. त्यातलीच एखादी तांड्यात गेली असेल.

घरी तिचे वडील, नंदकिशोर मुळावकर, पुढच्या खोलीत बसले होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून, आणि पत्नी गेल्यापासून तर जास्तच, ते कागद लावत बसत. आभाचा पहिलीपासूनचा प्रत्येक कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपला होता, ते कात्रण सगळ्यात वर. “मिळाली वेळ?” त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मिळाली. “किती?” तिला सांगता येईना. “अगं, कायले गेली होतीस मग?” ते हसून म्हणाले. “शास्त्रज्ञ लोकांचं असंच असतं.” ती आत जाऊन पंख्याखाली पडली. मनात हिशेब सुरू झाला. कापूस पात्या-फुलांवर आलेला. या वेळी पाणी तुटलं तर पाती, म्हणजे कळी, गळते, आणि गळलेली पाती परत लागत नाही. पण विहीर आहे. शंकरसिंगने पाळी परत घेतली तर दोन पाण्यांत पीक उभं राहील. म्हणजे आज सांगायला हवं. उद्या नाही, आज. फोन करायला हवा. तिच्याकडे शंकरसिंगचा नंबर होता. तिने तो काढून समोर धरला, आणि फोन नागपूरला लावला.

सर चांगले होते, हे सांगायला हवं. नाहीतर सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. मंदार सरांनी सगळं ऐकून घेतलं.  “आभा,” ते म्हणाले, “एका बाईच्या आठवणीला आपण पुरावा म्हणतो का? रोज दिलं असेल? प्रत्येक झाडाला? तिला आता तसं वाटतं इतकंच आपल्याला माहीत आहे.” ती म्हणाली, आकडे तसंच सांगतात सर. आकडे तिच्याच बाजूने आहेत. “आकडे आपल्याही बाजूने आहेत,” ते म्हणाले. “असं कर, पुढच्या हंगामात कुंपण घालून प्रयोग परत लाव. तोवर यातलं काही बोलू नको. चुकलं असेल तर आपणच छापू.” मग आवाज बदलून म्हणाले, “तू रुजू हो आधी.” ती म्हणाली, पण सर, त्यांनी पेरलंय. या वर्षी. बारा घरांनी. “आपण त्यांना पेरायला सांगितलं नव्हतं,” सर म्हणाले. ते खरं होतं. आणि ते ऐकताना आपल्याला किती बरं वाटलं हे तिला कळलं आणि तिने फोन ठेवला. शंकरसिंगचा नंबर तसाच समोर होता.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख. ती रोज सकाळी ठरवी की आज फोन करायचा, आणि रोज काहीतरी नवीन कारण सापडे. फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर जाऊनच सांगायला हवं. समोर जायचं तर काय सांगायचं ते नीट ठरवायला हवं. नीट ठरवायचं तर आधी जुन्या वह्या बघायला हव्यात. चौथ्या दिवशी तिने वह्या काढल्या. तारीख, वेळ, तापमान, ओळ, झाड, नमुना, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तिचंच बारीक अक्षर. ‘मावा दिसला.’ ‘छप्पर फाटलं, शिवलं.’ ‘शेळी शिरली, एक पान खाल्लं.’ एका शेळीने खाल्लेलं एक पानसुद्धा तिने सोडलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीचा सप्टेंबर आला आणि तिचा हात थांबला. बारा सप्टेंबर. शेरा कोरा. त्या दिवसाबद्दल काही आठवायचं नाही असं तिने ठरवलेलं होतं, आणि हे ठरवलेलं होतं हे तिला आत्ता, पंख्याखाली, वही मांडीवर असताना पहिल्यांदा समजलं.

त्या दिवशी ती पहिल्या गाडीने गेली होती. रोजच्यापेक्षा दोन तास आधी. नमुने घेण्याआधी ओळीतून चक्कर मारताना एका देशी झाडाच्या खोडाशी तळहाताएवढी माती काळी दिसली. पाणी न दिलेल्या ओळीत. ती खाली वाकली, बोट लावलं. थंड लागलं. पुढच्या देशी झाडाशीही तसंच होतं, त्याच्या पुढच्याही. शेजारच्या ओळीतल्या हायब्रीडशी नाही. ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. दव असेल, तिने मनाशी म्हटलं. दव काय पानं बघून पडतं? छप्पर गळत असेल. छपरावर पाणी कुठे होतं? लांब विहिरीशी सुखीबाई पाठमोरी उभी राहून भांडं धूत होती. पेन आभाच्या हातात होतं. आदल्याच आठवड्यात पहिल्या वर्षाचे आकडे सरांना दाखवले होते आणि सर खुर्चीतून उठून उभे राहिले होते. कुणी आपल्यासाठी उठून उभं राहावं असं तिच्या आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं. तिने पेन खिशाला लावलं. आणि मग, हे तिला आता स्पष्ट दिसत होतं, बुटाच्या टोकाने तिने आजूबाजूची कोरडी माती त्या ओल्या डागावर ओढली. एका झाडाशी. मग दुसऱ्या. की हे मन आता रचतं आहे? बुटाखाली मातीचा चुरा झालेला तिला पायाला आठवत होता. पाय खोटं कशाला सांगेल? सुखीबाईने तिला फसवलं नव्हतं. तिने बिचारीने उघड्या वावरात, उजेडात, तीन वर्षं पाणी घातलं होतं. न बघणारी आभा होती. आभा आतून फुटल्यासारखी रडली, तोंडात ओढणी कोंबून, कारण बाहेर वडील होते. रडून हलकं वाटत नव्हतं, नुसतं डोकं दुखत होतं.

त्या रात्रीनंतर तिने जेवण जवळजवळ सोडलं. वडिलांना वाटलं, लग्नाचं काहीतरी. “काहून जेवत नाहीस?” त्यांनी विचारलं. “कुणी काही बोललं का?” तिला वाटलं यांना सांगावं. मग तिच्या डोळ्यांपुढे त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, पहिलीपासूनच्या, आणि सगळ्यात वरची. ती काढून ते काय करतील? फाडणार नाहीत, त्यांच्या हातून कागद फाटत नाही. सगळ्यात खाली ठेवतील. ती म्हणाली, उन्हाने भूक मेली आहे. ते म्हणाले, “पाऊस आला की बरं वाटेल,” आणि दोघांनीही खिडकीतून वर बघितलं. तिला एकदम कळलं की आपण आठ दिवस पावसाची वाट बघतो आहोत, शेतकऱ्यांपेक्षाही जास्त आशेने. पाऊस आला तर पीक वाचेल आणि आपल्याला काहीच सांगावं लागणार नाही. आपली सगळी सचोटी ढगांवर टाकून आपण पंख्याखाली पडलो आहोत. स्वतःचीच तिला शिसारी आली. नवव्या दिवशी सकाळी तिने चपला घातल्या, वडिलांना म्हणाली, घाटंजीला जाऊन येते, आणि निघाली. तिने सगळं ठरवलं होतं. आधी शंकरसिंगला, मग तांड्याला, मग संस्थेला पत्र. नोकरी जाईल. या कामावर मिळालेल्या पदवीचं काय होईल ते होईल. गाडीत बसल्यावर भीतीपेक्षा वेगळं, जरा उंच, असं काही वाटलं तिला. आपण चांगलं माणूस आहोत अशी ती भावना होती, आणि ती फार दिवसांनी आली होती.

तांडा उतरणीवर, वावर त्याच्या खाली. धुऱ्यावरूनच तिला दिसलं. झाडं उभी होती, काटक ती, पण पानं खाली लोंबलेली, आणि ओळींमधून जमिनीवर वाळलेली पाती पडलेली, पायाखाली चुरचुरत होती. आता पेशीत काय बसलंय ते मोजायला फॉर्मलिन लागत नव्हतं. शंकरसिंग धुऱ्यावरच्या पळसाखाली होता. सुखीबाई घरी, डोळ्यात औषध घालून निजलेली. आभाने बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. “भाऊ, मी चुकले,” ती म्हणाली. “या कापसाला तहान लागते. बाकीच्यांना लागते तशीच लागते. सुखीबाई पाणी देत होत्या म्हणून माझे आकडे तसे आले. विहिरीची पाळी आजच्या आज परत घ्या. आणि सगळ्यांना सांगू या, मी येते तुमच्यासोबत घरोघर.”

शंकरसिंग जमिनीकडे बघत होता. त्याने आश्चर्य दाखवलं नाही. “तिनं पाणी देल्लं थे मले ठाऊक हाये,” तो म्हणाला. “मीच विहिरीतून काढून देत होतो. तिच्यानं दोर ओढला जात नव्हता.” मग म्हणाला, “चार दिवस झाले, म्या वळखलं. पाती पडून राह्यली तवाच वळखलं.”

“मग पाणी दिलं का नाहीत?”

“कुठलं देऊ? भावानं वांगे लावले पाळीच्या भरवशावर. आन् विहिरीत हाये किती? माह्या एका वावराले पुरन, न पुरन. बारा घरायचं हाये. त्यायच्या विहिरी तं कवाच्या कोरड्या.” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “मॅडम, तुमी चांगल्या मनानं आल्या. पन सांगू नोका कोनाले.”

“भाऊ, पण खरं काय ते...”

“खरं सांगून पाती लागन का परत?” तो शांतपणे म्हणाला. “नाही सांगतलं तं पावसाचं नाव होईल. पाऊस पडला नाही, पीक गेलं, दरसाल जाते. सांगतलं तं तिचं नाव होईल. म्हनतीन, शंकरच्या बायकोनं लोटा लोटा पाणी घालून बारा घरं बुडोले. तुमी नागपूरले जासान. तिले इथंच राहाचं हाये, त्याच बायायसंग पाण्याले जाचं हाये. तिचा डोया आता कुठी उघडला.” त्याने हात जोडले. सत्तरीचा माणूस, आणि तिच्यासमोर हात जोडून उभा. “तिले बी सांगू नोका. थे समजते, का तिनं उगीचच पाणी देल्लं. समजू द्या. तेवढंच.”

आभा अजून उभीच होती. काय म्हणायला हवं ते तिला माहीत होतं. संस्थेला तर लिहिता येईल. त्यात सुखीबाईचं नाव कशाला हवं? बारा सप्टेंबर पुरेसा आहे, बुटाचं टोक पुरेसं आहे, ते तर तिचं एकटीचं होतं. हे सगळं तिला एका क्षणात, लख्ख दिसलं. आणि त्याच क्षणी खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. आता ती गप्प राहिली तर ते एका म्हातारीसाठी असेल. तिने मागितलं नसताना या माणसाने ते तिला दिलं होतं, हात जोडून. तिला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की तिला त्याची भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

“बरं, भाऊ,” ती म्हणाली. “नाही सांगत.”

तो म्हणाला, चहा घेऊन जा. ती म्हणाली, नको, गाडी चुकेल. त्याने मोटरसायकलवरून तिला घाटंजीच्या स्टँडवर आणून सोडलं आणि गाडी लागेपर्यंत उन्हात थांबला. खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टरला पैसे देऊन तिने तिकीट पर्समध्ये ठेवलं, डोकं खिडकीच्या दांड्याला टेकवलं, आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत तिला गाढ झोप लागली. यवतमाळ आल्यावर शेजारच्या बाईला तिला हलवून उठवावं लागलं.